रूपालीच्या नावचं पिस्तूल

हायवेवरचा पंप, बोथजवळ
१४ जुलै २०२५

रश्मी,

तुझं मोरपंखी ब्लाउज शिवून बसच्या पार्सलात टाकते आहे. चिठ्ठी अस्तरात आहे. ती काढल्याशिवाय अंगात घालू नको. मागच्या खेपेला शाळेच्या प्रार्थनेत तुझ्या पाठीत कागद वाजत होता म्हणालीस. फोनवर हे बोलायची सोय नाही. माझ्या फोनवर जे येतं ते आमचे हे आधी वाचतात, मग मला कळतं.

आता ऐक आणि हसू नको. आमच्या घरात पिस्तूल येणार आहे, आणि ते माझ्या नावावर येणार आहे. पंप माझ्या नावावर आहेच. महिला गटातून मिळाला म्हणून बोर्डावर 'प्रो. सौ. रूपाली' असं माझ्याहून मोठ्या अक्षरांत लिहिलंय. नऊ वर्षांत त्या पंपावर मी केलं काय, तर सह्या. कागद समोर येतो, यांचं बोट जिथं टेकतं तिथं मी सही करते. वर काय लिहिलंय ते विचारलं की म्हणतात, "तुले काय करायचं हाय?"

पिस्तुलाचा अर्ज आधी यांनी स्वतःच्या नावानं केला होता. तो परत आला, कारण मागच्या वर्षी यांनी एका लॉरीच्या ड्रायव्हरचा हात मोडला होता ती केस अजून चालू आहे. मग परवा जेवताना म्हणाले, "गल्ला बँकेत न्या लागते, असं कारन देऊ. नाव तुयं टाकू. तुले काही करा लागत नाही, फक्त सही."

पण या वेळी नुसत्या सहीनं भागत नाही. ज्याच्या नावचा परवाना, त्यानंच रेंजवर जाऊन हत्यार चालवायला शिकायचं आणि पास व्हायचं, असा नियम आहे. सत्तावीस तारखेला मला आदिलाबादच्या रेंजवर न्यायचं ठरलंय. माझ्या नवऱ्याचा, करणचा राग तुला माहीत आहे. उद्या यांनी ते कुणावर धरलं तर पोलीस कुणाचं नाव वाचतील? माझी मीनल तिसरीत आहे गं. मला कोंडल्यासारखं होतंय. काय करू ते सांग.

रूपाली


बेला
१९ जुलै

रूपे,

ब्लाउज बसलं. दंडाला घट्ट आहे, पण तो दोष दंडाचा. तुला पत्र लिहायचं म्हणजे दर वेळी नवं ब्लाउजपीस घ्यावं लागतं. शाळेतल्या बाया विचारतात, बाई, एवढी ब्लाउजं घालून जाता तरी कुठं?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नापास हो. गोळ्या आभाळात मार, जमिनीत मार, डोळे मिटून मार. बाईमाणसाला नेम जमला नाही तर कुणाला नवल वाटणार नाही, उलट सगळ्यांना बरंच वाटेल. आयुष्यात एकदा तरी त्या समजुतीचा फायदा करून घे.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. तुमच्या शेतात माझी आई निंदायला यायची तेव्हा तू ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायचीस. पाखराला दगड लागू द्यायचा नाही आणि पाखरू मात्र उडालं पाहिजे, म्हणून तू त्याच्या शेजारच्या ताटाला मारायचीस, आणि दगड बरोबर त्याच ताटाला लागायचा. तुझ्या हाताला नेम आहे आणि नाकावर राग आहे. दोन्ही त्या दिवशी घरी ठेवून जा.

दुसरी बातमी, आमचा धाकटा हर्षदीप तुमच्याच बोथ मंडळात सर्व्हेअर म्हणून रुजू झाला. लहानपणी पट्टीनं माझी वेणी मोजायचा, आता सरकारी जमीन मोजतो. इकडून तिकडून गेला तर त्याला चहा पाज.

तुझी
रश्मी


बोथजवळ
३० जुलै

रश्मी,

नाक घरी ठेवायचं राहून गेलं.

सगळं सांगते. रेंज म्हणजे एक लांब मोकळी जागा, शेवटाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटींवर कागद. शिकवायला माणिकराव म्हणून पोलिसातले निवृत्त गृहस्थ. आपल्याकडचंच बोलतात. त्यांनी आधी मोठं पिस्तूल हातात दिलं, ते मला पेलवलं नाही. मग त्यांनी पेटीतून एक छोटं काढलं. अगदी तळहाताएवढं. म्हणाले, "लहान हाय म्हनून हलकं समजू नका, बाई. नळी आखूड, पकडाले जागा कमी. हे जास्त उसळते. चांगले चांगले माणसं चुकतात याच्यानं."

गोळी नळीत चढवायला वरचा भाग मागं ओढावा लागतो. माझ्याआधी एक कंत्राटदार आला होता, त्याची बोटं त्यावरून घसरत होती. मी ओढला तो एका झटक्यात आला. जन्मभर विहिरीचा दोर ओढलाय, त्याचं काय एवढं.

पहिल्या पाच गोळ्या तू सांगितल्याप्रमाणे मारल्या. दोन बांधात, दोन कुठं गेल्या देव जाणे, एक चौकटीच्या पायात. प्रत्येक गोळीला मनगट वर उडायचं आणि बारुदाचा वास नाकात शिरायचा. कान झाकले होते तरी छातीत ऐकू यायचं. माणिकराव म्हणाले, "असं असलं तर मी पास नाही करू शकत. सहा महिन्यांनी पुन्हा या." रश्मी, माझ्या मनात आनंद मावेना. सहा महिने म्हणजे केवढा काळ.

मग हे पुढं आले. "साहेब, कागदावर करून द्या ना पास. चालवनार कोन हाय?" माणिकराव म्हणाले, "माह्याकडं कागद आनि हात वेगळे नाहीत." इथंच सगळं थांबलं असतं. पण यांचे दोन मित्र मागं उभे होते, आणि त्यांच्याकडे वळून हे मोठ्यानं म्हणाले, "बाप जनमभर हिला चिमन्या हाकलाले लावत होता. तिच्यानं काय होते."

बाप काढला, रश्मी. माझे डोळे लाल झाले. पाच गोळ्या उरल्या होत्या. मी दोन्ही हातांनी पकडलं, श्वास सोडला आणि कागदावरच्या काळ्या गोलात पाचही घातल्या. तीन तर एकमेकींना चिकटून.

आणि खरं सांगू का, मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत मी केलेली एक गोष्ट जिथल्या तिथं जाऊन लागली होती. पिस्तूल खाली ठेवलं तेव्हा कळलं की मी काय करून बसले.

माणिकरावांनी मला एकटीला बसवून ते उघडायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं कसं ते शिकवलं. हे बाहेर चहा पीत होते. जाताना ते हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या हातात राहू द्या. दुसऱ्याच्या हातात गेलं तरी कागद तुमचाच राह्यते." प्रमाणपत्र यांनी माझ्या हातात दिलंच नाही, सरळ खिशात घातलं.

रूपाली


बेला
६ ऑगस्ट

रूपे,

शाबास म्हणणार नाही. पण पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा 'तीन एकमेकींना चिकटून' इथं मला हसू आलं, ते तुला कळलेलं बरं. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर नेमही असा अचूक पाहिजे.

आता झालं ते झालं. घरात आलं की कपाटात ठेव, किल्ली तुझ्या कमरेला. विचारलं तर म्हण, कायदाच तसा आहे. तुझ्या घरात कायद्याचं नाव यापूर्वी कुणी काढलं नसेल, तर तू काढ.

हर्षदीप म्हणाला रूपालीताईनं चहा पाजला, शेवही दिली. बाकी काही बोलला नाही.

रश्मी


बोथजवळ
१२ ऑक्टोबर

रश्मी,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. पिस्तूल सप्टेंबरात आलं. रेंजवर होतं तसंच, छोटं. तुझा कायदा मी सांगून पाहिला. हे म्हणाले, "कायदा तुयासाठी हाय. तूच ठेव." आणि किल्ली खिशात, पिस्तूल कमरेला. बारशाला गेले तरी सदरा मुद्दाम वर करून बसायचे. दर रविवारी माझ्यासमोर आणून ठेवायचे, कारण ते उघडता मला एकटीलाच येतं. मी पुसून जोडून द्यायची. घरातल्या सगळ्यांची धुणी धुते, त्यात हे एक.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळे, कोयते, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने अशी सगळी हत्यारं पाटावर मांडली आणि मध्ये पिस्तूल ठेवायला लावलं. यांनी गोळ्या काढून दिल्या, तेवढी अक्कल होती. आमच्या सासूबाई, रेणुकाबाई, पूजा करतात ती अशी तशी नाही. लोखंडाला हळद लागली नाही असं बोटभरसुद्धा त्या सोडत नाहीत. नारळाच्या पाण्यात ओली हळद कालवून त्यांनी ती पिस्तुलाच्या प्रत्येक फटीत बोटानं भरली, वर कुंकू. यांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. दसऱ्याच्या सकाळी मला म्हणाले, पुसून दे, सीमोल्लंघनाला जायचं आहे. मी वरून फडकं मारलं. आत उघडलंच नाही. कंटाळा होता की राग होता, मला विचारू नको.

त्यानंतर एक चांगली गोष्ट घडली. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत यांनी ते आपण होऊनच कपाटात ठेवलं आणि आता कमरेला लावत नाहीत. खेळण्याचं नवेपण संपलं म्हणायचं. मला जरा झोप लागते आहे.

एक विचारायचं होतं. हर्षदीप दसऱ्यापासून आमच्याकडे फिरकला नाही. सासूबाईंनी त्याला चहा कोपऱ्यातल्या वेगळ्या पेल्यात दिला होता, माझ्या लक्षात आलं तेव्हा तो पिऊन चुकला होता. तू मला ते लिहिलं नाहीस, पण त्यानं तुला सांगितलं असणार. त्याचाच राग असेल तर त्याला म्हण, रूपालीताई लाजेनं मेली. पुढच्या वेळी मी माझ्या हातानं देईन.

रूपाली


बेला
१८ ऑक्टोबर

रूपाली,

ब्लाउज मिळालं. बसलं. हर्षदीपला काम फार आहे. त्यानं रजा घेतली आहे आणि बदलीचा अर्ज केला आहे. पेल्याचं मनावर घेऊ नको, आम्हाला त्याची सवय आहे.

ते पिस्तूल कपाटात असतं तेव्हा त्यात गोळ्या असतात का, एवढं कळव.

दिवाळीच्या शुभेच्छा.

रश्मी


बोथजवळ
२ नोव्हेंबर

रश्मी,

तुझ्या पत्रात एक थट्टा नाही, मला रूपे म्हटलं नाहीस, आणि काम फार असलेला माणूस रजा घेतो म्हणतेस. वीस वर्षांत तुझं असं पत्र आलं नव्हतं. म्हणून मी विचारायला लागले.

आमच्या पंपावर बयनाबाई झाडायला येते. तिला सांजच्याला चहा दिला आणि गप्प बसून राहिले. तिला गप्प बसणं सोसत नाही. म्हणाली, "बाई, तुमाले खरंच ठाऊक नाही? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंपामागच्या नाल्यावर मोजनी करून राह्यले होते. तुमच्या साहेबानं त्या मोजनीवाल्या पोराच्या छातीवर ते पिस्तूल धरलं, आनि दाबलं. खट वाजलं नुसतं. मी तिथंच गवत कापून राह्यली होती. माह्या हातचा विळा पडला."

कोणता मोजणीवाला, विचारलं तर म्हणाली, नवा आलेला, चष्मेवाला.

रश्मी, तो हर्षदीप होता का? हो की नाही, एवढंच लिही.

रूपाली


बेला
७ नोव्हेंबर

रूपे,

हो.

तुला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तुमच्या पंपाची मागची भिंत नाल्याच्या जागेत आली आहे. करणचं म्हणणं, निशाणीचा दगड चार हात पलीकडे दाखव. हर्षदीप म्हणाला, "दगड जिथं हाय तिथंच दाखवीन." त्यावर करणनं पिस्तूल काढलं, आणि दाबल्यावर बार झाला नाही म्हणून स्वतःच दचकला. मग हसून म्हणाला, मजाक होती. माझा भाऊ त्या मजाकीनंतर आठ दिवस तापानं पडून होता. कपाट बंद करतानाचा आवाज झाला तरी उठून बसायचा.

त्यानं तक्रार लिहिली होती. मीच ती फाडायला लावली. कारण ठाण्यात पहिला प्रश्न हाच येणार की हत्यार कुणाचं, आणि परवान्यावर तुझं नाव आहे. हर्षदीप म्हणाला, "अक्का, मंग मी काय करू? खरं सांगू तर रूपालीताई अडकते." मी म्हटलं, सांगू नको. मैत्रीण म्हणून बरोबर वागले की बहीण म्हणून चुकले, हे मला रोज वर्गात फळ्यासमोर उभं राहिलं की आठवतं आणि खडू हातातच राहतो. मला तुझा राग येतो, रूपे. तुझा काही दोष नाही हे माहीत असून येतो.

ते का वाजलं नाही, ते आम्हाला कळलं नाही. आई म्हणते बाबासाहेबांची पुण्याई. हर्षदीप म्हणतो गोळी खराब असेल. मला त्याचा विचारच करवत नाही.

रश्मी


ठाण्यातला बाक
२८ नोव्हेंबर

रश्मी,

हे पत्र ब्लाउजात नाही, म्हणून दचकू नको. बाजाराचं निमित्त करून बयनाबाई माझ्यासोबत गाडीतून इथवर आली आहे, ती बसच्या कंडक्टरच्या हातात देईल. साक्ष देणार नाही म्हणाली, पोट आहे तिला. चिठ्ठी मात्र नेते म्हणाली.

ते का वाजलं नाही ते मला कळलं आहे. पंचायतीच्या निवडणुका लागल्या. अशा वेळी परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात, आणि ज्याचा परवाना त्यानंच आणून द्यायची. काल यांनी कपाटातून काढून माझ्यापुढं टाकलं. "चालत नाही धड. साफ कर, उद्या जमा करा लागते." दसऱ्यापासून ते तसंच पडून होतं.

मी खाटेवर जुनं ब्लाउजपीस पसरलं आणि उघडलं. आत हळद होती. वाळून घट्ट झालेली, नारळाच्या पाण्यानं चिकटलेली, गोळीच्या बुडावर घाव घालणारी सुई जिथून पुढं येते त्या भोकात ठासून भरलेली. आणि नळीत एक गोळी तशीच. तिच्या बुडाला बारीकसा खळगा, नखानं दाबल्यासारखा. घाव बसला होता, पुरता बसला नव्हता. हर्षदीप आणि ती गोळी यांच्यामध्ये एवढीशी हळद होती, आणि मी वैतागून पुसली नव्हती ती. मी नीट पुसणारी बाई आहे हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी एकदाच कुचराई केली.

सासूबाईंना बोलावून दाखवलं. कुणावर धरलं होतं तेही सांगितलं. त्या खाली बसल्या. हळदीवर बोट टेकवून म्हणाल्या, "देवाले वाहिली होती ती हळद. देवानं ठेवून घेतली." मी म्हटलं, "आत्या, देव दर वेळी ठेवून घेत नाही." त्यांनी कोपऱ्यातल्या पेल्याकडे बघितलं नाही. मीच बघितलं.

मी ते साफ केलं नाही. होतं तसं जोडलं, ती गोळी त्याच ब्लाउजपीसात बांधून कमरेला खोचली, आणि सकाळी यांच्या गाडीत बसले. ठाण्यात यायला हे तयार नव्हते, बाहेरच थांबले. "सही कर, पावती घे, ये," म्हणाले.

आत लिहिणाऱ्या जमादारानं वही पुढं सरकवली. "अम्मा, संतकम्," असं तेलुगूत म्हणाला, आणि बोटानं सहीची जागा दाखवली. तसंच बोट, रश्मी. मी त्याला म्हटलं, साहेब, आधी मला कागद द्या, मला लिहायचं आहे. त्यानं मराठीत चालेल का विचारायला आत निरोप पाठवला. चालेल म्हणाले.

मी लिहिलं की हे हत्यार परवाना मिळाल्यापासून माझ्या ताब्यात नव्हतं. माझे पती करण ते बाळगत होते आणि मी ते बाळगू दिलं, तो माझा गुन्हा आहे. तीन ऑक्टोबरला त्यांनी ते सरकारी सर्व्हेअर हर्षदीप यांच्या छातीवर धरून दाबलं. ही ती गोळी. मी गाठ सोडून टेबलावर ठेवली. जमादारानं ती उचलली नाही, आधी माझ्याकडे बघितलं, मग उठून मोठ्या साहेबांना बोलवायला गेला.

आता मी बाकावर बसून तुला लिहिते आहे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय, मधूनमधून. अजून त्यांना काही माहीत नाही. माझ्यावरही केस होईल असं इथली बाई पोलीस सांगून गेली, आवाज न चढवता सांगितलं. मीनल शाळेत आहे, तिला सासूबाई आणतील. त्यानंतर तिला कोण काय सांगेल, मी घरी जाईन की नाही, कोणत्या घरी जाईन, यातलं काहीच मला माहीत नाही. भीती वाटते आहे.

हर्षदीपला सांग, फाडलेली तक्रार पुन्हा लिही. आता माझं नाव वाचवायचं कारण उरलं नाही, ते मीच आधी लिहून दिलंय. जमादार परत येऊन म्हणाला, आता करा सही. मी केली. नऊ वर्षं सही माझी आणि वरचा मजकूर दुसऱ्याचा होता. आज दोन्ही माझं आहे.

रूपाली